थाळीवरचं मेण

रावजी मास्तर फादरांना घेऊन सातपूरच्या खोलीवर आले, तेव्हा फुलाबाई त्याच थाळीत नागलीचं पीठ मळत होती. काशाची जड थाळी, काठाला एका जागी चेपलेली. चपला काढता काढता मास्तरांची नजर तिच्यावर गेली आणि चेहरा असा उजळला, जणू चोरीला गेलेली म्हैस बाजारात दिसली.

"बघा फादर, म्हटलं नव्हतं मी? थाळी शिल्लक हाय!"

शिल्लक म्हणे. फुलाबाईला तो शब्द घासात खडा यावा तसा लागला. अकरा वर्षांपूर्वी ह्याच माणसाने ह्या थाळीवर उकळतं पाणी ओतायला लावलं होतं, आणि आज ती वाचल्याचा सगळ्यात जास्त आनंद ह्यालाच झाला होता.

"बसा," ती म्हणाली. उठली नाही.

तिचा नवरा चंदर कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होता. त्याने लगबगीने प्लास्टिकची खुर्ची पुढे केली. पण फादर ललित जमिनीवरच मांडी घालून बसले. गुडघे कटकन वाजले. चार वर्षं परदेशात शिकून आल्यापासून त्यांना जमिनीचं वेड लागलं होतं. फुलाबाईच्या माहेरच्या पाड्यावर लोकांनी मोठ्या हौसेने मिशनच्या देवळात खुर्च्या आणल्या होत्या. म्हाताऱ्यांच्या पाठीला तेवढाच आराम. फादरांनी आल्या महिन्यातच त्या अडगळीत टाकल्या आणि सगळ्यांना चटईवर बसवलं. का, तर आपली संस्कृती खाली बसायची. वेदीमागच्या भिंतीवर वारली चित्रं काढून घेतली, पांढऱ्या रेघांचा येशू, पांढऱ्या रेघांची मेंढरं. पाडा सगळा कोकणा आदिवासींचा. वारल्यांचं घर तिथे औषधालाही नव्हतं. एका म्हातारीने तसं बोलून दाखवलं, तर फादर हसून म्हणाले, "आजी, आदिवासी कला ती एकच." म्हातारी घरी जाऊन म्हणाली, "त्याला भात न् वरई येकच दिसत आसंल."

तर ही मंडळी आली होती थाळीसाठी.

ही थाळी फुलाबाईच्या बापाची. मोतीराम थाळीवर कथा लावायचा. थाळीच्या मधोमध रानमधमाशीच्या मेणाचा गोळा बसवायचा, त्यात एक वाळकी लांब काडी उभी रोवायची, बोटांना राख लावायची आणि दोन्ही हातांनी ती काडी वरून खाली ओढत राहायचं. थाळीतून असा घुमारा निघतो की बसल्या जागी छातीत मुंग्या येतात. त्या घुमाऱ्यावर तो कणसरीची, म्हणजे धान्याच्या आईची, कथा गायचा, आणि मागे बसलेला माणूस प्रत्येक ओळीची झील धरायचा, म्हणजे ओळीचं शेपूट उचलून पुन्हा गायचा. कुणी मेलं की पाडा मोतीरामला बोलवायचा. कथेत मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, त्याच्या बापाचं, आज्याचं घ्यायचं, की तो आपल्या माणसांत पोचला. नाव घेतलं नाही तर वेशीवरच उभा.

फुलाबाई लहानपणी बापाच्या मांडीशी बसून मेण हातात चोळून मऊ करून द्यायची. बायांनी थाळीला बोट लावायचं नसतं, मेण मऊ करायला मात्र चालायचं. कामाला बाई चालते, मानाला नाही. हा नेम साऱ्या धर्मांना कुणी न शिकवता येतो. मेण चोळता चोळता सगळी कथा तिला पाठ झाली. कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

चंदरचं घर आधीपासूनच मिशनमधलं. लग्न झालं तशी फुलाबाईही बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. नुसती नावाला नव्हे. भाकरी थापायच्या आधी पिठावर बोटाने क्रूस काढल्याशिवाय तिने कधी हात लावला नाही, आणि चंदर पाळीवरून परत येईपर्यंत तिची माळ चालूच असायची. येशूशी तिचं भांडण कधीच नव्हतं. भांडण होतं ते त्याच्या दाराशी बसलेल्या लोकांशी.

मग एक्क्याण्णव साली मोतीरामच्या छातीत पाणी झालं. मिशनच्या दवाखान्यातल्या सिस्टरने त्याची पोटच्या पोरीसारखी सेवा केली. खाटेवर पडल्या पडल्या म्हाताऱ्याने येशूची गोष्ट ऐकली आणि त्याला ती मनापासून आवडली. पुढच्या वर्षी तो बाप्तिस्म्याला तयार झाला. मिशनचे प्रचारक होते रावजी मास्तर, त्याच पाड्यातले, कोकणाच. म्हातारा त्यांना काय म्हणाला, ते फुलाबाईने आपल्या कानांनी ऐकलं होतं.

"मास्तर, तुमच्या येसूची गोस्ट थाळीवर लय झ्याक बसंल. गोठ्यात जल्मला, मेंढक्यांनी आधी पायला. आपल्यातलाच हाय तो. मी लावतो की."

मास्तरांनी कान झाकायचेच बाकी ठेवले. "मोतीराम, सैतानाच्या ताटात देवाचं जेवण वाढायचं व्हय? ही थाळी बंद. सगळ्यांसमोर मेण काढायचं, मगच बाप्तिस्मा."

"पण मास्तर, थाळीनं कुणाचं काय..."

"वरून तसं सांगितलंय."

वरून म्हणजे कुठून, हे मास्तरांनी सांगितलं नाही. बहुतेक त्यांनाही ठाऊक नसावं. कुठल्यातरी लांबच्या देशात कुणीतरी कागदावर लिहायचं, ते शहरात यायचं, शहरातून तालुक्याच्या पेठला, आणि मास्तरांच्या तोंडात पोचेपर्यंत त्याला देवाचा आवाज फुटायचा.

बाप्तिस्म्याच्या दिवशी अंगणात पातेलं चढवलं. थाळीवर उकळतं पाणी ओतलं आणि मेण खरवडून काढलं ते फुलाबाईनेच, घरातल्या उलथन्याने. बाप बघत उभा होता. आपण तेव्हा "नाय" का म्हटलं नाही, याची चीड तिला पुढे मास्तरांपेक्षाही स्वतःचीच जास्त आली. उलथनं हातात धरून ती एखाद्या गुणी पोरीसारखी वाकली होती, नीट कणन् कण काढत होती, जणू करपलेलं दूध घासायचंय.

आणि मास्तर? खरवडलेलं मेण त्यांनी कागदात बांधून नेलं. देवाच्या घरी काही वाया जाऊ नये म्हणून त्याची नाताळला मेणबत्ती केली. काळं रानमेण ते, वेदीवर धूर सोडत, तडतडत, वास मारत जळलं. पहिल्या रांगेतल्या बाया खोकून बेजार. पण मास्तर तृप्त. सैतानाला उजेड पाडायला लावला म्हणाले.

दोन वर्षांनी मोतीराम गेला. त्याआधी आठ दिवस फुलाबाई माहेरी होती. ती मेण काढलेल्या त्या थाळीत पीठ मळत असताना त्याने खाटेवरून हात लांब केला आणि थाळीच्या काठावर नखाने टिचकी मारली. थाळी वाजली, लहानशी.

"माझं नाव घेशील?" तो म्हणाला.

"घेईन, बा."

विचार न करता बोलून गेली. मातीच्या दिवशी मास्तरांनी बाजाच्या पेटीवर पाच गीतं म्हटली, पाचही शहरातली. थाळीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. तिचीही झाली नाही. थाळी मात्र ती उचलून सातपूरला घेऊन आली. तेव्हापासून रोज त्यात पीठ मळायचं आणि रोज तो शब्द आठवायचा. येशूने बापाला घरात घेतलं असेल, याची तिला खात्री होती. पण इकडच्यांनी निरोप दिला नव्हता. न जेवता पाठवलेल्या पाहुण्यासारखं ते तिच्या जिवाला लागून राहिलं होतं.

आणि आता दोन हजार तीन साल. मिशनला पंचवीस वर्षं होणार, मे महिन्यात परदेशातून पाहुणे येणार. फादरांनी पिशवीतून कागद काढला.

"फुलाबाई, ही तुमची मूळ संस्कृती आहे. श्रद्धा ही स्थानिक मातीत रुजली पाहिजे. थाळीवर येशूजन्माची कथा व्हावी, अशी माझी फार इच्छा आहे. पाड्यात आता थाळीवर गाणारं कुणीच उरलेलं नाही. मास्तर म्हणाले, तुम्ही वडिलांच्या मांडीशी बसून ऐकलंय, तुम्हाला येत असेल."

"मुळाला तर मास्तरांनीच गरम पाणी घातलंय, फादर."

फादरांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. "तव्हा वरून तसंच सांगितलं व्हतं, फुलाबाय. आता वरून असं सांगितलंय."

"माझा बा हेच म्हणत व्हता. तुमच्या पाया पडून म्हणत व्हता."

"तव्हा काळ वेगळा व्हता."

"काळ वेगळा व्हता का सांगणारा? आमच्या पाड्यावरचा माणूस बोलला तर ते सैतानाचं. तेच इमानात बसून आलं का मंग संस्कृती?"

चंदर मध्येच म्हणाला, "जा की, पेपरात फोटो येईल," आणि तिने नुसतं पाहिल्यावर डबा उचलून पाळीला निघून गेला.

"आन् बायांनी थाळीला बोट लावायचं नसतं," ती म्हणाली.

"आता स्त्री-पुरुष भेद नाही," फादर प्रेमाने म्हणाले.

तिने कागद हातात घेतला. फादरांनी स्वतः रचलेलं काव्य होतं. 'हे विश्वउद्धारका, तव आगमने पुलकित धरणी.' भाकरीबरोबर खाता येईल असा एक शब्द त्यात नव्हता. ती नाही म्हणणार, इतक्यात तिचं लक्ष थाळीकडे गेलं. काठावर पीठ वाळलं होतं, नेमकं जिथे बापाने टिचकी मारली होती तिथे. आणि तिला एकदम कळलं, की थाळीला पुन्हा मेण लागायचं असेल तर ते ह्याच मूर्खांच्या हातून लागणार. चार माणसांत, मांडवात, मास्तरांच्या देखत बापाचं नाव घ्यायची दुसरी संधी ह्या जन्मात यायची नाही.

"लावीन," ती म्हणाली.

वैशाखात ती पाड्यावर गेली. पहिल्या तालमीला मास्तरांनी देवळातल्या चार मेणबत्त्या वितळवून गोळा केला. फुलाबाईने काडी रोवली, बोटांना राख लावली, ओढली. काडी झोकांड्या खात आडवी झाली. पुन्हा रोवली, पुन्हा आडवी. देवळातल्या मेणाला चिकटायची सवयच नव्हती, नुसतं जळून दाखवायची. मग मास्तरांनी नळवाले लावतात ती लांबी आणली. काडी उभी राहिली, अगदी खांबासारखी, पण थाळी मुकी झाली. फादर कान लावून म्हणाले, "सूक्ष्म नाद येतोय." फुलाबाईने लांबी उकरून फेकली.

"रानमाशीचं मेण लागतं. कड्यावरच्या आग्यामोहोळाचं."

"मग आणू कुणाकडून तरी," फादर म्हणाले.

"कुणाकडून नाय. मास्तरांनी आणायचं. सोताच्या हातानं. ज्यानं नेलं त्यानं आणावं. न्हाय तर थाळी घेऊन मी चालले सातपूरला."

मास्तर चिडले, पुटपुटले. पण पत्रिका छापून झाली होती. पाड्यातला बहिरू मोहोळ काढायचा. त्याने मास्तरांना बजावलं, "डोक्याला त्याल लावून येऊ नका. वासावर येतात." मास्तरांनी तीस वर्षं चमेलीच्या तेलाशिवाय घराचा उंबरा ओलांडला नव्हता. "देवाच्या कामाला चाललोय, देव राखील," म्हणाले आणि नेहमीपेक्षा चार थेंब जास्तच चोपडून गेले. देवाने काय राखायचं ते राखलं असेल. माशांनी मात्र काही राखलं नाही. दुपारी बहिरूच्या खांद्याला धरून मास्तर आले, ते ओळखू येईनात. एक डोळा मिटलेला, वरचा ओठ वांग्यासारखा, कान लाल. पण हातातली मेणाची पुरचुंडी त्यांनी सोडली नव्हती. फुलाबाईने ती घेतली, हुंगली.

"झ्याक हाय," एवढंच म्हणाली. हळद लावायला बाया धावल्या, त्यात ती नव्हती.

सोहळ्याच्या दिवशी मांडवात ऊन नुसतं गळत होतं. सहा परदेशी पाहुणे भगवे पंचे गळ्यात घालून पहिल्या रांगेत बसले होते, पत्रिकेने वारा घेत. त्यांच्यासाठी अडगळीतल्या खुर्च्या बाहेर आल्या होत्या. संस्कृती पाडेकऱ्यांच्याच पाठीला लागू होती. फादर माइक घेऊन उभे. ते शहरातले, त्यांना कोकणा बोली येत नव्हती. पण कागद त्यांचाच होता, तेव्हा ओळीओळीचा इंग्रजी अर्थ ते तयार ठेवून होते. मागे झील धरायला पाच मुली, त्यांना कागद पाठ. त्यांच्या शेजारी पेटीपाशी मास्तर, एक डोळा उघडा.

फुलाबाईने मेण हातात चोळलं. तसंच, लहानपणीसारखं. गोळा बसवला, काडी रोवली, मनातल्या मनात थाळीवर क्रूस काढला आणि बोटं ओढली. घुमारा उठला तशी मागच्या म्हाताऱ्यांची कुजबुज बंद झाली. अकरा वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता.

दोन ओळी तिने फादरांच्या गायल्या. विश्वउद्धारका झालं, पुलकित धरणी झाली, मुलींनी झील दिली, पाहुण्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या ओळीला तिने कागद बाजूला सारला आणि आपल्या बोलीत कणसरीला हाक मारली. पाठोपाठ बापाला. मोतीराम थाळीवाला, गोविंदाचा पोर, लक्षाचा नातू, निघालाय, त्याला वाट द्या.

मुली गप्प. हे कागदावर नव्हतं. त्या एकमेकींची तोंडं बघू लागल्या.

झील आली नाही तर कथा पुढे सरकत नाही, हा थाळीचा नेमच आहे. फुलाबाई काडी ओढत राहिली. घुमारा मांडवात नुसता फिरत होता. फादर माइकमध्ये प्रसन्नपणे म्हणाले, की आता पूर्वेकडून तीन राजे येत आहेत. मागे म्हाताऱ्यांना सगळं कळलं होतं. एकीने तोंडाला पदर लावला, एकाने डोक्यावरची टोपी काढली. पण मांडव फादरांचा. तोंड उघडायचं धाडस कुणाला होईना. चुलीवरचं दूध वर यावं तशी ती शांतता वर वर येत होती. बापाचं नाव हवेत लटकलं होतं, वेशीवरच, नऊ वर्षं होतं तसंच.

फुलाबाईने मान वळवली आणि मास्तरांच्या एका उघड्या डोळ्यात पाहिलं. त्यांना सगळं समजत होतं. त्यांनी उठून "बंद करा" म्हटलं असतं तर बंद झालं असतं. पेटीचा भाता त्यांच्या हातात अर्धा उघडा राहिला होता. आणि मग त्या वांग्यासारख्या ओठातून, बोबडी, लाळ सांडल्यासारखी ओळ बाहेर आली.

"...त्याला वाट द्या रं, वाट द्या..."

तोच सूर. तीच लकब. लहानपणी हा माणूस कुणाच्यातरी मांडीशी बसून हे ऐकत होता आणि सगळं आयुष्य न ऐकल्यासारखं करत होता. फुलाबाईने पुढची ओळ घेतली. मास्तरांनी झील धरली. मग मागून बहिरूने धरली, मग टोपी काढलेल्या म्हाताऱ्याने. बारा मिनिटांचा कार्यक्रम तासभर चालला. फादरांनी तीन राजे आणले, मेंढपाळ आणले, हेरोद आणला, इजिप्तला पळवलं, परत आणलं. तरी कथा संपेना. शेवटी ते नुसतेच माइक धरून हसत उभे राहिले. मोतीराम आपल्या माणसांत पोचला तेव्हा फुलाबाईने बोटं उचलली. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका गोऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला येशूजन्म फारच भावला होता.

मांडव रिकामा झाल्यावर मास्तर थाळीपाशी येऊन उकिडवे बसले. बराच वेळ नखाने हळदीची खपली काढत राहिले.

"फुलाबाय, माझी आय गेली तव्हा बी... थाळीला मीच नाय म्हणालो व्हतो."

"ठाऊक हाय."

"तिचं नाव घेतलं तर?"

फुलाबाईने थाळी फडक्यात बांधली. त्या सुजलेल्या तोंडाकडे पाहून तिला दया आली असती, पण अंगणातलं ते पातेलं अजून तिच्या डोळ्यांपुढे उकळत होतं.

"फादरांना अर्ज करा," ती म्हणाली. "वरून सांगून येऊ द्या."

पाच पावलं जाऊन ती थांबली. मागे वळली नाही.

"न्हाय आलं वरून, तर पुनवेला तुमच्या अंगणात येईन. पाड्याला तुम्ही सोता आवतान द्यायचं. दारोदार जाऊन. आन् त्याल लावू नका, वास येतो."

पुढच्या महिन्यात मिशनच्या अंकात तिचा फोटो आला. खाली छापलं होतं, 'येशूजन्माची थाळकथा, संकल्पना फादर ललित.' चंदरने तो कापून भिंतीवर लावला. फुलाबाईने त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्याच दिवशी ती सातपूरच्या बाजारातून पीठ मळायला स्टीलची परात घेऊन आली. तिच्यात नागलीचं पीठ काढलं, त्यावर बोटाने क्रूस ओढला आणि मळायला बसली. थाळी वरच्या फळीवर होती, मेणासकट.